जिऱ्याला घाबरणारी भुतं : एका फसलेल्या चित्रपटाचं प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी रात्री आमचा पटकथेचा गट बसतो. सात-आठ माणसं असतात. प्राथमिक शाळेतल्या एक बाई, एक निवृत्त हवालदार (त्यांना सगळे मामाच म्हणतात), कॉलेजची दोन-तीन पोरं आणि उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक पोरगा. गेल्या पावसाळ्यात या पोरानं आपली पहिली पूर्ण पटकथा वाचून दाखवली. गोष्ट अशी: शाहूपुरीच्या हद्दीत रात्रगस्तीवर असलेला एक तरुण शिपाई मारला जातो आणि मेल्यावर त्याला पुन्हा ड्यूटी लागते. जोडीदार म्हणून मिळतो संस्थानच्या काळातला एक जमादार. फेटेवाला, मोतीबाग तालमीत घुमलेला पैलवान. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, हे त्याला अजून मान्य नाही. दोघांनी मिळून शहरात माणसांच्या रूपात लपलेली भुतं हुडकायची आणि वर पाठवायची.

वाचन चालू असताना माणसं पोट धरून हसली. जमादार दसरा चौकातल्या सिग्नलशी भांडतो तो प्रसंग तर दोनदा वाचायला लावला. पण वाचन संपलं आणि माडीवर शांतता झाली. चहा आला, कप रिकामे झाले, तरी कुणी काही बोलेना. शेवटी पोरगाच म्हणाला, "सर, समदी हसालीत, पण संपल्यावर कुणाला कायच वाटंना झालंय. भोक कुठं तरी पडलंय, मला घावंना."

मला ते भोक ओळखीचं वाटलं. हॉलिवुडच्या एका मोठ्या चित्रपटाला अगदी त्याच जागी भोक पडलं होतं. तो मी पूर्वी पाहिला होता आणि मनापासून आवडून घ्यायचा प्रयत्नही केला होता. पुढचे तीन शनिवार आम्ही तोच चित्रपट भिंतीवर पडदा लावून, थांबवत थांबवत पाहिला. त्या तीन रात्रींत जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

काय घडलं

चित्रपटाचं नाव 'आर.आय.पी.डी.', म्हणजे 'रेस्ट इन पीस डिपार्टमेंट'. मूळ पीटर लेन्कोव्ह याची कॉमिक्स, दिग्दर्शक रॉबर्ट श्वेन्टके, निर्मिती युनिव्हर्सलची. १९ जुलै २०१३ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी ९६ मिनिटं, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं पूर्ण एका चित्रपटाएवढीसुद्धा नाही.

कथा थोडक्यात सांगतो. बोस्टन शहरातला पोलीस निक वॉकर (रायन रेनॉल्ड्स) आणि त्याचा जोडीदार बॉबी हेज (केविन बेकन) यांनी एका छाप्यात सापडलेलं सोनं परस्पर खिशात घातलेलं असतं. निक आपला वाटा घराच्या अंगणात पुरतो. पण त्याचं मन खातं, सोनं परत करायचं तो ठरवतो आणि तसं हेजला सांगतो. पुढच्याच कारवाईत, गोळीबाराच्या गर्दीत, हेज त्याला गोळी घालतो. निक वर जायला लागतो तर वाटेतच एका कचेरीत ओढला जातो. तिथल्या अधिकारी बाई (मेरी-लुईस पार्कर) त्याला नोकरी देऊ करतात: मेलेल्या पोलिसांच्या खात्यात काम कर, वर न जाता पृथ्वीवर लपून राहिलेले आत्मे पकड, तुझा अंतिम निवाडा तोवर लांबेल. या लपलेल्या आत्म्यांना तिथं 'डेडो' म्हणतात. निकला जोडीदार मिळतो रॉय पल्सिफर, एकोणिसाव्या शतकातला मार्शल. ही भूमिका जेफ ब्रिजेसची.

जिवंत माणसांना हे दोघं त्यांच्या खऱ्या रूपात दिसत नाहीत. रॉय लोकांना उंच, सोनेरी केसांची मॉडेल दिसतो आणि निक दिसतो एक म्हातारा चिनी गृहस्थ. पुढे कळतं की ते सोनं साधं नव्हतं. त्याचे तुकडे जोडून एक प्राचीन दंड उभा करायचा, मेलेल्यांना वर नेणारा मार्ग उलटा फिरवायचा आणि सगळे मृत पृथ्वीवर ओतायचे, असा डाव आहे. हेज स्वतःच डेडो निघतो.

एका वाक्यात सांगितलं तर कुणीही तिकीट काढेल अशी ही गोष्ट आहे. लोकांनी काढलं नाही. खर्च सुमारे १३ कोटी डॉलर झाल्याचं छापून आलं होतं. पहिल्या शनिवार-रविवारसकट तीन दिवसांत अमेरिकेत जमले १ कोटी २७ लाख. जगभरातली सगळी मिळकत ७ कोटी ८३ लाखांच्या आसपास थांबली. तिकीटबारीवर जमलेल्या पैशातला साधारण निम्माच निर्मात्याकडे पोचतो हे धरलं, तर खड्डा किती खोल होता ते कळतं.

त्याच दिवशी, त्याच देशात आणखी एक चित्रपट लागला होता: 'द कॉन्ज्युरिंग'. विषय तोच, मेलेली माणसं जिवंतांच्या जगात. खर्च सुमारे २ कोटी डॉलर आणि पहिल्या तीन दिवसांची कमाई जवळपास ४ कोटी १९ लाख. एक घर, एक कुटुंब आणि अंधारातून वाजलेल्या दोन टाळ्या. आमच्या पोरांनी हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा लेथवाला पोरगा बराच वेळ फळ्याकडेच बघत राहिला.

पहिलं निदान, जे चुकलं

बहुतेक लोक या चित्रपटाबद्दल एकच गोष्ट सांगतात: 'मेन इन ब्लॅक'ची नक्कल आहे. आमच्या गटातही पहिल्या रात्री हेच ठरलं. १९९७ चा तो चित्रपट, एक जुना खत्रुड आणि एक नवा चुणचुणीत, गुप्त खातं, माणसांच्या वेषातले परके जीव. परग्रहवासी काढा, भुतं घाला, झाला 'आर.आय.पी.डी.' तयार.

मला हे निदान पटत नाही. साचा उसना घेतला म्हणून चित्रपट पडत नाही. आपल्याकडे वगनाट्याचा साचा किती जणांनी वापरला, आणि तरी त्यातले किती वग लोकांनी डोक्यावर घेतले. म्हणून मी पोरांना सांगितलं, आता 'मेन इन ब्लॅक'ची सुरुवातच पुन्हा बघा. तिथं म्हातारा एजंट 'के' पहिल्याच मोहिमेत आपल्या थकलेल्या जोडीदाराची स्मृती पुसतो. तो जोडीदार निवृत्त होतो, म्हणजे स्वतःचं अख्खं आयुष्य विसरतो. पुढे नव्या पोराला खात्यात घेतात तेव्हा त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा जाळून टाकतात. आणि 'के' मधूनच उपग्रहाच्या पडद्यावर एका बाईला बघत उभा असतो, जिच्याशी त्याचं लग्न होऊ शकलं असतं. चित्रपट विनोदी आहे, धमाल आहे. पण या नोकरीची किंमत काय, हे प्रेक्षकाला पूर्वार्धातच न बोलता कळलेलं असतं.

'आर.आय.पी.डी.'मध्ये माणूस चक्क मरतो. याहून मोठी किंमत कोणती? आणि तरीही ती किंमत पडद्यावर कुठं जाणवत नाही. भोक आहे ते इथं.

जिरं

दुसऱ्या शनिवारी आम्ही अडकलो ते एका मसाल्यावर. लपलेला डेडो ओळखायचा कसा, यासाठी चित्रपटात एक युक्ती आहे: त्याच्यासमोर भारतीय जेवण आणायचं. जिऱ्याशी गाठ पडली की डेडोचं माणसाचं रूप फुटतं आणि आतलं सुजलेलं, वेडंवाकडं भूत बाहेर पडतं. सुरुवातीच्या चौकशीच्या प्रसंगात हे दिसतं.

प्रसंग आला तशा बाई म्हणाल्या, "थांबवा जरा." आणि त्यांनी जे सांगितलं त्यानं मला हा चित्रपट नव्यानं दिसला. त्यांच्या घरची चटणी उन्हाळ्यात होते. आपल्या कोल्हापूरकडं चटणी म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं खुडायची, धणे-जिरे-तीळ-खसखस-खोबरं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. बाई म्हणाल्या, "डंकावर नंबर लागेपर्यंत दोन तास बसावं लागतं. ज्याला जिऱ्याचा त्रास आहे तो त्या गल्लीतनं जाऊच शकणार नाही. म्हणजे हे भूत कोल्हापुरात राहूच शकत नाही. बोस्टनमध्ये राहू शकतं. पण का, ते सांगा ना!"

हा 'का' फार मोलाचा आहे. भूताला जिरंच का बाधतं? जिऱ्याचा मृत्यूशी काय संबंध? मोहरी का नाही, मिरी का नाही? चित्रपटाकडं उत्तर नाही. लेखकांना तो विचित्रपणा गमतीचा वाटला आणि तेवढ्यावर त्यांनी तो ठेवला.

आपल्या घरातली दृष्ट काढण्याची रीत याच्या शेजारी ठेवून बघा. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायच्या, पोरावरून उतरवायच्या, चुलीत टाकायच्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर आजी म्हणते, "बघ, केवढी जबर दृष्ट लागली होती!" यावर कुणाचा विश्वास असो वा नसो, नियम मनाला लगेच पटतो, कारण मिरचीचा ठसका प्रत्येकाच्या घशानं अनुभवलेला असतो. जो ठसका लागायलाच हवा तो लागत नाही, म्हणजे तो कुणीतरी गिळला. अंगावर काटा आणणारी कल्पना आहे ही, आणि तिला एक पैसा खर्च नाही.

आपल्या लोककथेतलं एकूण एक भूत असंच कारणानं बांधलेलं आहे. मुंजा पिंपळावर असतो, कारण मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला. गिऱ्हा पाण्याशी असतो, कारण तो बुडून मेला. हडळीच्या मागे बहुधा बाळंतपणात गेलेल्या बाईचं दुःख असतं. भुताचं रूप, त्याची जागा आणि त्याची भीती, तिन्ही त्याच्या मरणातून येतात. 'आर.आय.पी.डी.'मधले डेडो मात्र सगळे एकाच ठोकळ्यातले. फुगलेली अंगं, लोंबणारी कातडी, संगणकावर बनवलेली. त्यातला कोण का मागे राहिला, कुणाचं काय उरलं होतं, हे कुणी विचारत नाही. बोस्टनच्या रस्त्यांवर त्यांचा कितीही मोठा पाठलाग झाला तरी मन हलत नाही. पळणारा कोण आहे हेच आपल्याला माहीत नसतं.

इथं मला बाबूराव पेंटरांची आठवण झाली, आणि ती मी पोरांना सांगितली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्याच्यासमोरून ही पोरं रोज गाड्या मारत जातात. पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. त्यातला कीचकाचा वध लोकांना इतका खरा वाटला की त्या दृश्यावर आक्षेप आले. तेव्हा कुठला संगणक आणि कुठले कोटी डॉलर? पण त्या वधाआधी विराटाच्या दरबारात द्रौपदीचा अपमान झालेला होता, आणि तो प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होता. हातचलाखी जी काही होती, ती त्या संतापाच्या खांद्यावर उभी होती.

न शिवणारा कावळा

या प्रकरणातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट आता सांगतो. चित्रपटात एक प्रसंग आहे. निक स्वतःच्याच अंत्यविधीला जातो. बायको ज्युलिया समोर उभी आहे, तिचा चेहरा रडून रडून उतरलेला. तो तिच्याजवळ जातो, मी आहे गं, असं सांगू पाहतो. तिला दिसतो एक अनोळखी चिनी म्हातारा, जो उगाच अंगाशी येतो आहे. ती दचकते, मागे सरते.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात तुटलं. आयुष्यभर ज्या माणसाशी बोललो त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि त्यानं आपल्याला परकं म्हणून झिडकारायचं. मेलेल्या माणसाचं दुःख याहून नेमकं कुणाला दाखवता येईल असं मला वाटत नाही. आणि चित्रपट काय करतो? हसतो, आणि पुढे जातो. पुढे तर निकच्या हातातली बंदूक लोकांना केळं दिसते, ही गंमत वारंवार वापरली आहे. जेम्स हाँगसारखा ज्येष्ठ नट त्या म्हाताऱ्याच्या रूपात आहे. त्याच्या चेहऱ्यावर निकचा जीव दिसू शकला असता. पण त्याला केळं धरून उभं केलं आहे.

पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला उभं राहिलेल्या कुणालाही हे कळेल. पिंड ठेवलेला असतो. कावळे झाडावर असतात, खाली येत नाहीत. नातेवाईक एकेक करून पुढे होतात, हात जोडतात. "अण्णा, धाकट्याचं शिक्षण मी बघतो." कावळा येत नाही. "आईला अंतर देणार नाही." येत नाही. मग कुणीतरी मागून येतो, ज्याच्याशी वीस वर्षं बांधाचा दावा चालू होता, आणि म्हणतो, "बांध सोडला, जावा आता." आणि पंख फडफडतात. मी असं पाहिलं आहे. तिथं उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडं न बघता डोळे पुसले होते. मेलेला माणूस अडतो तो कशात तरी अडतो, आणि ते कुणा जिवंताला ओळखून सोडवावं लागतं. आपल्याकडं पोराटोरांनाही हे माहीत असतं.

निक वॉकर कशात अडला आहे? बायकोत, आणि अंगणात पुरलेल्या सोन्यात. हातात आयतं सापडलेलं आहे हे. चोरी केली हे बायकोला सांगायचं राहिलं, परत करायचं राहिलं, आणि ज्यानं मारलं तोच आता त्याच्या घरी जाऊन सोनं काढून नेतो. एवढ्या एका धाग्यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण त्या सोन्याचा जगबुडीचा दंड केला आणि सगळं मोठं झालं. आभाळात भोक, इमारती कोसळतायत, गाड्या उडतायत.

कावळा शिवतच नाही तेव्हा भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. विधी पुरा होतो, माणसं घरी जातात, पण जाताना कुणाचं मन भरलेलं नसतं. या चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास मला तसा वाटला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेवटाकडं ज्युलिया जखमी होऊन मरणाच्या उंबऱ्यावर असते, आणि त्या काही क्षणांत तिला निक त्याच्या खऱ्या रूपात दिसतो. तो तिचा निरोप घेतो. ती जगते. या दोन मिनिटांत चित्रपट खरा होतो. बाईंनी तेव्हा चष्मा काढून पुसला. म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं आपल्या हातात काय आहे. ते त्यांनी शेवटपर्यंत झाकून ठेवलं, आणि तोवर निम्मे प्रेक्षक मनानं उठून गेले होते.

मामा आणि जोडीदार

जोडगोळीच्या पोलीसपटात भुतं असोत की दरोडेखोर, प्रेक्षक येतो दोन माणसांसाठी. रेनॉल्ड्स आणि ब्रिजेस दोघंही चांगले नट. ब्रिजेसनं २०१० मध्ये 'ट्रू ग्रिट'मध्ये म्हातारा मार्शल केला होता. इथं तोच घोगरा, चघळलेला आवाज पुन्हा ऐकू येतो, पण त्या आवाजामागचा माणूस नाही. रॉयचं सगळं बोलणं टोपीबद्दल आणि कोल्ह्यांबद्दल. त्याच्या प्रेताचे कोयोटांनी, म्हणजे तिकडच्या रानकोल्ह्यांनी, लचके तोडले होते, आणि हे तो पुन्हा पुन्हा सांगतो, विनोद म्हणून. ज्याच्या देहाला अग्नी मिळाला नाही, माती मिळाली नाही, जनावरांनी हाडं चघळली, अशा माणसाची ती व्यथा आहे. निक एकदाही थांबून विचारत नाही, "तुला पुरायला कुणीच नव्हतं का रे?" तो एक प्रश्न विचारला असता तर ते दोघं जोडीदार झाले असते.

मामा तिन्ही रात्री भिंतीला टेकून गप्प बसले होते. तिसऱ्या रात्री मी त्यांना मुद्दाम बोलतं केलं. तीस वर्षांहून जास्त नोकरी, त्यातली निम्मी रात्रपाळीची. ते म्हणाले, "माझं एकच म्हणणं हाय. ह्या पोराला मारला कुणी? जोडीदारानं. ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, ज्याच्याकडं पाठ करून उभा राहिला, त्यानं. मग दुसरा जोडीदार दिला की ह्यो लगेच त्याच्याकडं पाठ करून उभा कसा ऱ्हातोय? मी आसतो तर वरीसभर पाठ दिली नसती."

माडीवर कुणी हललं नाही. मग मामांनी पुढचं सांगितलं. रात्री गस्तीला दोघं निघाले की पहिले काही दिवस बोलणं होत नाही. मग एकदा अंधारात तंबाखूची पुडी मागे न बघता हात मागे करून दिली जाते, आणि दुसरा ती न चाचपडता बरोबर घेतो. "तवापास्नं जोडी म्हनायची," मामा म्हणाले. किती लहान गोष्ट आहे! एका पुडीचा प्रसंग. १३ कोटी डॉलरच्या चित्रपटात तेवढी पुडी कुणी कुणाला दिली नाही. निक आणि रॉय पहिल्या भेटीपासून टोमणे मारतात आणि शेवटच्या भेटीतही टोमणेच मारतात. मधे दोघांच्यात काय बदललं, हे दाखवायला एकही प्रसंग मला सापडला नाही, आणि मी शोधला.

दिग्दर्शकाला हे जमत नव्हतं असंही म्हणता येत नाही. याच श्वेन्टकेनं २०१० मध्ये 'रेड' केला होता, निवृत्त हेरांचा. तिथं म्हाताऱ्या माणसांचं एकमेकांशी जुनं नातं किती सहज दिसतं. योग असा की त्या 'रेड'चा दुसरा भाग, दुसऱ्याच दिग्दर्शकानं केलेला, १९ जुलै २०१३ या त्याच दिवशी लागला होता.

पटकथेचं पुढे काय झालं

तीन शनिवारांनंतर पोरानं पटकथा परत घरी नेली. मी त्याला काही याद्या-बिद्या दिल्या नाहीत. फक्त विचारलं, तुझा शिपाई लोकांना कोण म्हणून दिसतो? पहिल्या खर्ड्यात तो कॉलेजच्या पोरीच्या रूपात दिसत होता, आणि त्यावर बरेच विनोद होते. 'आर.आय.पी.डी.'मध्ये रॉय मॉडेल दिसतो, तसंच. पोरगा म्हणाला, "तेच बदलतोय, सर."

दीड महिन्यानं तो आला. लेथच्या तेलाचे डाग पडलेली वही, निळ्या शाईतलं अक्षर. जमादाराचं बरंच काही त्यानं कापलं होतं. सिग्नलशी भांडण राहिलं होतं, पण आता त्या भांडणाआधी कळत होतं की जमादार पुरात लोक काढताना वाहून गेला आणि त्याचा देह कधी सापडला नाही. घाटावरून जाताना तो नेहमी मान दुसरीकडं करतो. का, हे शिपायाला कळायला चाळीस पानं जातात.

आणि शिपाई आता बोहारणीच्या रूपात दिसतो. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. कुठल्याही दारात जाऊन हाक मारता येते, बायका दार उघडतात, बसायला सांगतात. भुतं हुडकायला याच्याइतकं सोयीचं रूप नाही, हे तर झालंच. पण पोरानं जो प्रसंग वाचला तो वेगळा होता.

शिपाई आपल्याच गल्लीत येतो. चौदाव्यानंतरचे दिवस. त्याची बायको दार उघडते. बोहारीण पाटी उतरवते. बायको आत जाते आणि कपडे घेऊन येते: तीन शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर. त्याचेच. ती एकेक शर्ट झटकून, घडी मोडून दाखवते, बटणं आहेत, विरलेला नाही, असं सांगते. खाकी त्यात नाही, ती तिनं ठेवली आहे. तिला पाटीतलं मोठं पातेलं हवं असतं. बोहारीण काही न बोलता ते उचलून तिच्या पुढ्यात ठेवते.

बायको पातेल्याकडं बघते, मग बोहारणीकडं. एवढ्या कपड्यांवर एवढं मोठं पातेलं, आणि घासाघीस नाही? कुठली बोहारीण अशी देते? ती तिसरा शर्ट हळूच मागे ओढून घेते, छातीशी धरते आणि विचारते, "तुम्ही कुठल्या, मावशी?"

वाचन तिथं थांबलं. खाली रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली. मामा भिंतीपासून पुढे सरकून बसले होते. त्यांनी विचारलं, "मग? तिनं दार लावलं, का न्हाई?"

पोरानं वही मिटली. "आजून लिवलं न्हाई, मामा."